शंभरातले त्रेसष्ट

वेंगुर्ल्याच्या बाजारात, मासळीकट्ट्याच्या वरच्या अंगाला
माझं बियाण्यांचं दुकान. चौकटीवर निळा बिल्ला:
अखिल भारतीय बीज-व्यापारी महासंघ,
सदस्य क्रमांक चार हजार एकशे सात.
खाऱ्या वाऱ्याने खिळा गंजला,
आकडा अजून वाचता येतो.

वर्गणी दर चैत्रात. बदल्यात येतं एक जाड पाकीट:
कुठल्याशा कायद्याचा मसुदा, कुठल्या खात्याला दिलेलं निवेदन,
दिल्लीत कोण कुणाला भेटलं त्याचा फोटो,
आणि शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात,
बनावट लेबलांचे लॉट नंबर.
मी शेवटचं पान तेवढं वाचायचो.
बाकीच्यात शेजारची शालन बांगडे बांधून द्यायची.

त्या साली इस्पेलिन लोबो आली.
पायरीवरच थांबली, आत आली नाही.
तिचं खाजण खाडीच्या बांधाला लागून.
"अर्धा रुजूकच नाय," म्हणाली,
"दोष खाडयेचो काय पिशयेचो, ता सांग."
मी खाडीवर ढकललं.
खाडी उलटून बोलत नाही,
दुकानदाराला ते बरं पडतं.

रात्री त्याच लॉटचे शंभर दाणे काढले,
ओल्या टीपकागदावर दहा ओळी दहा रांगा,
वर ताट पालथं.
पाचव्या दिवशी मोजले. चौदाव्या दिवशी परत.
त्रेसष्ट.
पिशवीवर छापलेलं: सत्यप्रत बियाणे, उगवण किमान ऐंशी.
छापलं तेव्हा ते खरंच असणार,
घाटमाथ्यापलीकडच्या कोरड्या गोदामात.
मग ट्रक खाली उतरला,
आणि आमची हवा शिवणीतून आत शिरून
दाण्यांशेजारी झोपून राहिली.

भेसळ कुणीच केली नव्हती, हीच पंचाईत.
चोर असता तर शेवटच्या पानावर सापडला असता.

कुडाळला महासंघाची विभागीय सभा.
हैदराबादहून नरसिंहलू नावाचे गृहस्थ आलेले,
पांढरा बुशकोट, खिशाला दोन पेन्सिली.
निर्यात, संशोधन, उद्योगाचा एकमुखी आवाज
असं पाऊण तास चाललं. कोकम सरबत फिरलं.
मी उठलो. जेवणाच्या डब्यातून टीपकागद काढला
आणि टेबलावर त्यांच्या भाषणावरच ठेवला.

ते रागावतील असं वाटलं होतं.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
पेन्सिलीच्या टोकाने एकेक कोंब मोजला.
दीडशे व्यापारी गप्प. पंखा तेवढा कुरकुरत होता.
त्रेसष्ट, ते म्हणाले. माझाच आकडा.
मग खालच्या आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं:
"हे मोजल्यानंतर किती पिशव्या विकल्यात?"

अकरा.

मी तो आकडा सभेत सांगितला नाही.
इथे पहिल्यांदा लिहितोय.

अडीच वर्षांनी पाकीट आलं. परिपत्रकात नववं कलम:
किनारपट्टीच्या तालुक्यांत भाताच्या पिशवीला आतून अस्तर असावे,
वाहतुकीनंतर उगवण पुन्हा तपासावी.
एवढंच. त्यासाठी किती टेबलं फिरली असतील,
कुठल्या कंपनीने अस्तराचा खर्च मोजून नाक मुरडलं असेल,
ते कलमात नसतं.
माझं नाव नाही, इस्पेलिनचंही नाही.
ते पान शालनला दिलं नाही.

अकरा जणांकडे नव्या पिशव्या घेऊन गेलो.
दहांनी घेतल्या. एकाने चहाही पाजला.
इस्पेलिनने पिशवी हातात घेतली, अस्तर चाचपलं,
शिवण उसवून मूठभर भात काढलं
आणि माझ्यासमोर शंभर दाणे वेगळे केले.
"ठेव तुझ्या ताटाखाली. चौदा दिसांनी येतंय."

आली. या खेपेला आत आली,
वजनकाट्याशेजारी कोपर टेकून उभी राहिली.
मी ताट उचललं, ओठांतल्या ओठांत सुरू केलं.
तिने काट्यावर बोट आपटलं.
"मोठ्यान मोज."